खाऱ्या टाकीतल्या बिनबोलावल्या जिवांची ओळख: नोंदवही

समुद्री मत्स्यालयाची टाकी ६०×४५×४५ सेंमी. दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण १०० लिटर, तापमान २६ अंश, विशिष्ट घनता १.०२५. दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिम्प, चार ट्रोकस आणि दोन ॲस्ट्रिया गोगलगायी. ११ किलो दगड कोरडा, म्हणजे त्यात जिवंत काहीच नव्हतं. बिनबोलावलं जे आलं ते तीनच वाटांनी आलं: बंद होत असलेल्या एका जुन्या टाकीतला दीड किलो दगड, तिथलंच मूठभर चेटो (दोऱ्यांच्या गुंत्यासारखं हिरवं शेवाळ), आणि झोआचे (झोअँथिड, फुलांसारखे दिसणारे मऊ जीव) तीन प्लग (ज्यावर झोआ चिकटवलेले असतात त्या छोट्या बैठका), मिळून ४१ पॉलिप, म्हणजे ४१ ‘फुलं’. ही यादी पहिल्या पानावर लिहून ठेवावी. जीव कुठल्या वाटेने आला हे कळलं की निम्मी ओळख तिथेच पटते.

मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून दगड उचलून आणायचा विचार कोणी करत असेल तर तो सोडा. दगडी प्रवाळ, सी-फॅन वगैरे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि भरतीरेषेखालच्या दगडाला त्यातलं काहीतरी चिकटलेलं निघण्याची शक्यता मोठी.

६ जानेवारी

जुना दगड थेट टाकीत घातला नाही. दोन बादल्या खारं पाणी घेऊन एकीत दगड खळबळला, दुसरीत विसळला. भोकांमध्ये २० मिलीच्या सिरिंजने पाणी मारलं. सिरिंजला सुईऐवजी एअरलाइनची कडक नळी, मेडिकलमधून सगळं मिळून ३० रुपये. बादलीच्या तळाशी पडलेलं: नऊ अँफिपॉड (बारीक कवचधारी जीव), दोन नखाएवढे ब्रिटल स्टार (बारीक लांब भुजांचे, ताऱ्यासारखे जीव), एक केसाळ खेकडा.

अँफिपॉड कुशीवर आडवा होऊन पळतो, पाठीला बाक. तेवढ्या खुणेवर ओळखता येतो. ब्रिटल स्टार टाकीत सोडले, निरुपद्रवी. खेकडा दीड सेंमीचा, अंगभर केस, नांग्यांची टोकं काळी. असा खेकडा लहानपणी शेवाळ खातो आणि मोठा झाला की गोगलगायी आणि मासे धरतो. वेगळ्या बरणीत ठेवला.

एका खोल भोकात काहीतरी होतं, पाण्याच्या माऱ्याने बाहेर येईना. तिथे प्यायचं साधं सोडा-पाणी (लिंबू-मसाल्याचं नव्हे) १० मिली सोडलं. मिनिटाभरात दुसरा, छोटा खेकडा धावत बाहेर. सोडा फक्त संशयाच्या भोकात, आणि दगड टाकीबाहेर असतानाच. अख्खा दगड सोड्यात बुडवला तर कामाचे जीवही जातात.

झोआचे प्लग पाच मिनिटं खाऱ्या पाण्यात हलवले आणि टाकीत लावले.

९ जानेवारी

काचेवर पांढरे ठिपके, शेकड्यांनी, एक मिमीच्या आतबाहेर. घाबरण्याआधी १० पट भिंगाने पाहिलं (घड्याळजी वापरतात ते, १५० रुपये). ठिपके दोन जातींचे निघाले. एक थेंबाच्या आकाराचा, मागे दोन बारीक शेपट्या, थांबत थांबत टुणकन पुढे जाणारा: कोपेपॉड. काहींच्या मागे अंड्यांच्या दोन पिशव्याही दिसल्या. दुसरा कोळ्यासारखा, लांब पाय पसरून सावकाश चालणारा: मुन्निड आयसोपॉड. दोन्ही शेवाळ आणि कुजकं खातात, काही करायचं नाही.

आयसोपॉड म्हटलं की पोटात गोळा येतो तो सायरोलॅनिडमुळे. तो जवळपास सेंटीमीटरभर, मोठे गडद डोळे, वेगाने पोहतो आणि माशाला चिकटतो. मुन्निडचा त्याच्याशी घोळ होऊ नये. बोट लावल्यावर खवल्या मांजरासारखा गुंडाळून गोळी होणारा आयसोपॉड तिसराच, तोही निरुपद्रवी.

झोआच्या देठाशी एक चपटी गोल गोगलगाय, ८ मिमी, तपकिरी. शेवाळ खाणारी असावी. राहू दिली.

१३ जानेवारी

फोटो-मोजमापाची सोय. काय चाललं, काय नाही:

फोनला लावायची मॅक्रो क्लिप, ४५० रुपये. सर्वांत उपयोगी वस्तू. वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंप) बंद, काच आधी घासून, फोन काचेला काटकोनात. फोन तिरका धरला तर कडा फाटतात. निळे एलईडी बंद करून पांढऱ्या टॉर्चवर फोटो. निळ्या प्रकाशात प्रत्येक किडा नारिंगी किंवा हिरवा दिसतो आणि रंगावरून केलेली ओळख हमखास चुकते.

यूएसबी मायक्रोस्कोप, १,९०० रुपये. खोक्यावर ‘१००० पट’ लिहिलेलं असतं, ते विसरावं. टाकीच्या काचेतून फोकस जमेना, चित्र थरथरतं. बशीत काढलेल्या जिवासाठी मात्र ठीक. भिंग आणि क्लिप असताना हा खर्च टाळता आला असता.

बशी: पारदर्शक प्लॅस्टिकचं झाकण, खाली ग्राफ पेपर, वरून सेलोटेप. एक मिमीची चौकट खाली असली की ‘बारीकसा’ हा शब्द वहीत येत नाही. पांढऱ्या जिवांसाठी ग्राफऐवजी काळा कार्डपेपर.

वळवळणारा जीव स्थिर करायला मॅग्नेशियम क्लोराइड (हेक्साहायड्रेट): ७५ ग्रॅम एक लिटर आरओच्या पाण्यात, आणि ते टाकीच्या पाण्यात निम्मं-निम्मं. १०-१५ मिनिटांत जीव सैल पडतो. फोटो झाल्यावर टाकीच्या पाण्यात परत सोडला की हलायला लागतो. पहिल्यांदा हे द्रावण खाऱ्या पाण्यातच बनवलं, क्षार जास्त झाले आणि किडा गोळा होऊन बसला. आरओचंच पाणी घ्या.

१८ जानेवारी

दगडावर पांढऱ्या कुंडल्या. बहुतेक एक ते तीन मिमी, दगडाला सपाट चिकटलेल्या, तोंडाशी पिसांचा इवला तुरा: स्पायरॉर्बिस किडे. पाणी गाळून खातात, त्यांना हात लावायचा नाही.

चार नळ्या मात्र वेगळ्या. वळसे वेडेवाकडे, तोंड दगडापासून वर उचललेलं, तुरा नाही. खाणं टाकल्यावर दोन मिनिटांनी टॉर्च तिरपा मारला तर तोंडातून कोळिष्टकासारखे चिकट धागे पाण्यात पसरलेले. व्हर्मेटिड गोगलगाय. ती त्या जाळ्यात कण पकडते, पण जाळं झोआवर पडलं की पॉलिप मिटून राहतात. धागे खाण्याच्या वेळीच दिसतात. एरवी तासभर पाहिलं तरी पत्ता लागत नाही.

सुपरग्लूची जेल तोंडावर लावली. दुसऱ्या दिवशी चारपैकी तिघींचं बूच निघालेलं. पाण्याखाली जेलवर लगेच साय धरते आणि ती नळीला न चिकटता नुसती वर बसते. पुन्हा: दगड बाहेर, पक्कडीने नळी मुळापासून मोडली, उरलेल्या भोकावर टिश्यू टेकवून पाणी टिपलं, मग जेल. आता पक्कं. पातळ सुपरग्लू नको, तो पसरतो.

२३ जानेवारी

एक ॲस्ट्रिया मेली. रात्री साडेअकराला, दिवे बंद होऊन दोन तास झाल्यावर, लाल जिलेटीन लावलेल्या टॉर्चने पाहिलं. शंखात सहा सेंमीचा ब्रिसल वर्म (केसाळ समुद्री किडा), निम्मा आत.

पहिला निष्कर्ष अर्थातच चुकीचा: यानेच मारली. सापळा लावला. अर्ध्या लिटरच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवलं, आत कच्च्या कोळंबीचा तुकडा, वाळूला टेकवून आडवी. सकाळी आत तीन. काढताना हातमोजा न घातल्याने बोटात पांढरी लव घुसली. ती चोळायची नाही, आत मोडते. सेलोटेप दाबून तीन-चारदा ओढली, बरीचशी आली. मग व्हिनेगर. ठणका रात्रीपर्यंत.

बशीत: गुलाबी-राखाडी अंग, दर खंडाला दोन्ही बाजूंनी पांढऱ्या केसांचे झुपके, त्यांच्या मुळाशी लालसर कल्ले. डोक्यावर लांब स्पर्शिका नाहीत. युरीथोईच्या गटातला, मेलेलं आणि उरलेलं खाणारा. प्रवाळ खाणारा कुप्रसिद्ध फायरवर्म, हर्मोडिस, अटलांटिक-भूमध्याकडचा, त्याच्या डोक्यावर सुरकुतलेला तुऱ्यासारखा उंचवटा असतो. तो इथे नव्हता. पाच स्पर्शिका आणि अंगावर तेलाच्या तवंगासारखी चमक दिसली असती तर युनिसिड, आणि तो मात्र काढावा लागला असता. नारिंगी, बिनकेसांचा, चिकट बुळबुळीत दिसला तर ओनोन, तो गोगलगायी खरोखर मारतो.

ॲस्ट्रिया उलटी पडली की तिला स्वतःहून सरळ होता येत नाही. आदल्या दिवशी वाळूवर उलटी दिसली होती. प्रेतापाशी सापडला म्हणून तो खुनी ठरत नाही. तिन्ही किडे परत सोडले.

२८ ते ३० जानेवारी

रात्री टाकीतून ‘टक्’ असा आवाज, दहा-पंधरा मिनिटांनी एकदा. मँटिस श्रिम्प किंवा पिस्टल श्रिम्प, असं गृहीत धरून तीन रात्री बाटलीचा सापळा, काचेच्या तिरक्या ग्लासात कोळंबी, दर आवाजाला दगडावर टॉर्च. सापळ्यात परत तेच ब्रिसल वर्म.

तिसऱ्या रात्री कळलं की प्रत्येक ‘टक्’बरोबर हीटरचा लाल दिवा लागतो किंवा विझतो. थर्मोस्टॅटची पट्टी. हीटर अर्धा तास बंद केला, आवाज बंद. ही तपासणी पहिल्या रात्री पाच मिनिटांत झाली असती.

४ फेब्रुवारी

काचेवर आणि चेटोवर दोन-तीन मिमीच्या चांदण्या. मधे ठिपका, भोवती आठ-दहा भुजा. एप्टेसियाची (टाकीत पसरणाऱ्या त्रासदायक समुद्रफुलाची) पिल्लं किंवा हायड्रॉइड (डंख मारणारे बारीक जीव) असा अंदाज बांधला. भिंगातून न पाहता, नुसत्या डोळ्यांनी. सगळ्या नोंदींमधला सर्वांत महागडा निर्णय हाच.

६ ते ८ फेब्रुवारी

हायड्रोजन पेरॉक्साइड टाकीतच दिलं. प्रचलित प्रमाण ४० लिटरला रोज १ मिली, म्हणून १०० लिटरला अडीच मिली. तीन दिवस.

तिसऱ्या दिवशी सकाळी क्लीनर श्रिम्प मेलेला, काचेवर कोपेपॉड जवळपास नाहीत. चांदण्या जशाच्या तशा.

मग बाटली वाचली: ‘२० व्हॉल्यूम’. ते प्रमाण तीन टक्क्यांच्या द्रावणाचं, म्हणजे १० व्हॉल्यूमचं. आपल्याकडे मेडिकलमध्ये सहसा मिळतं ते २० व्हॉल्यूम, सहा टक्के. रोजचा डोस दुप्पट पडत होता. शिवाय लायस्माटा जातीचे श्रिम्प (क्लीनर श्रिम्प त्यातलाच) पेरॉक्साइडला नाजूकच, दुप्पट डोसाला तर सवालच नाही. २५ लिटर पाणी बदललं (मीठ सुमारे ९०० ग्रॅम), कार्बनची नवी पिशवी घातली. श्रिम्पसकट तोटा दीड हजाराच्या घरात.

९ फेब्रुवारी

आता तरी एक चांदणी सिरिंजने ओढून बशीत घेतली. काळ्या कार्डपेपरवर, २० पटीने. बशीत पडताच ती आक्रसली, मग छत्रीसारखी एकदा उघडझाप करून सरकली आणि कडेला जाऊन चिकटली. एप्टेसिया असं करत नाही. प्रत्येक भुजा टोकाला दुभंगलेली: खालच्या फाट्याला चिकटायची गादी, वरच्या फाट्याला दंशपेशींची गाठ. काचेवर रांगणारी हायड्रोमेड्युसा, स्टॉरोक्लाडियाच्या घराण्यातली. म्हणजे जेलीफिशच, पोहण्यापेक्षा चालणारी.

मासे, झोआ यांना तिचा त्रास नाही, कोपेपॉड खाते. संख्या वाढते ती खाणं जास्त पडल्यामुळे. गोठवलेल्या खाण्याचा घन रोज एकाऐवजी अर्धा केला, आणि तो वितळल्यावर गाळणीत धुऊन. काचेवरच्या सिरिंजने ओढल्या, रोज २०-२५.

१७ फेब्रुवारी

खरा एप्टेसिया सापडला, जुन्या दगडाच्या मागे. पारदर्शक तपकिरी, लांब देठ, निमुळत्या टोकदार भुजा. सावली पडली की झपकन भोकात. भुजांची टोकं फुगीर असती तर माजानो, दुसरं त्रासदायक समुद्रफूल.

ब्लेडने खरवडला. आठवड्यात तिथे पाच. पायाचा तुकडा उरला तरी त्यातून नवा उगवतो. हे वाचलेलं होतं, तरी ‘एकच तर आहे’ म्हणून ब्लेड उचललं गेलं.

२५ फेब्रुवारीला कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट: पावडर आरओच्या थोड्या पाण्यात, श्रीखंडाएवढी दाट. पंप बंद, सिरिंजने तोंडावर हळूच. जोरात मारली तर तो आधीच आत जातो. पाचांवर मिळून तीन मिली, वीस मिनिटांनी पंप सुरू. पानाचा चुना रासायनिकदृष्ट्या हाच, पण त्यात आणखी काय घातलंय त्याची खात्री नसते, टाकीत नको. चार गेले, एक दहा दिवसांनी पुन्हा, त्याला पुन्हा तोच डोस.

३ मार्च

झोआचा एक प्लग आठवडाभर मिटलेला. पॉलिप मोजले: ४१ वर ३५. गेलेल्या सहांच्या जागी नुसते देठ, काहींना बाजूने भोक. क्षारता, नायट्रेट जागेवर. बाकीचे दोन प्लग उघडे, म्हणजे दोष पाण्याचा नाही.

रात्री लाल टॉर्चमध्ये प्लगवर ब्रिसल वर्म. यावेळी मोह आवरला.

प्लग बाहेर काढून २६ अंशांच्या आरओच्या पाण्यात तीन मिनिटं, हलवत. झोआ खाणारा न्यूडिब्रँक (बिनशंखाची समुद्री गोगलगाय) असता तर पडला असता. तो खाल्लेल्या झोआचाच रंग घेतो, त्यामुळे नजरेला दिसत नाही, आंघोळीतच सापडतो. काही पडलं नाही. खालच्या बाजूला त्याच्या अंड्यांची पांढरी वेटोळीही नाहीत.

मोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हे काम करू नये. झोआ आणि पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन असू शकतं. उडालेला थेंब डोळ्यात किंवा बोटाच्या चिरेत नको. असा दगड उकळायचा किंवा गरम पाण्याखाली घासायचा तर विचारसुद्धा नको, वाफेतून विष जातं.

८ मार्च

३२ पॉलिप. आंघोळीने काही झालं नाही म्हणजे पाणी आत न घेणारा जीव असणार, हा विचार सुचायला पाच दिवस गेले. प्लग बशीत आडवा धरून देठांच्या मधे चिमट्याने एकेक जागा उघडत गेलो. दोन देठांच्या बेचक्यात, चिखलाच्या रंगाची: ९ जानेवारीची ‘चपटी गोल गोगलगाय, ८ मिमी, तपकिरी’.

काढून घासल्यावर रूप दिसलं. बैठा शंख, वळशांवर मण्यांच्या ओळी, तपकिरी-पांढरी चौकट. उलटा केला तर मधे खोल, रुंद बेंबी, तिच्या कडेने दाते, जिन्यातून वर पाहिल्यासारखं. तोंडावरचं झाकण सपाट चकती नव्हे, स्क्रूसारखं टोकदार. सनडायल गोगलगाय, हेलिआकस. खाणं एकच, झोआ. धोका दिसला की झाकण घट्ट लावते, म्हणून गोड्या पाण्याची आंघोळ काय, आयोडीन काय, तिच्या केसाला धक्का लागत नाही. हातानेच काढावी लागते.

शेवाळ खाणाऱ्या बारीक कॉलोनिस्टाशी तिची गल्लत होते. पण कॉलोनिस्टा पाच मिमीच्या पुढे सहसा जात नाही, रात्री काचेवर येते. ही आठ मिमीची होती आणि काचेवर एकदाही दिसली नव्हती. दोन्ही गोष्टी वहीत होत्या, जोडून पाहिल्या नाहीत.

उरलेले दोन प्लगही तसेच तपासले. दुसऱ्यात तीन मिमीची आणखी एक.

१५ मार्च, २२ मार्च, २९ मार्च

दर आठवड्याला चिमटा-तपासणी, प्लगमागे दहा मिनिटं. २२ तारखेला अडीच मिमीची एक, नंतर काही नाही. नवा प्लग आला तर आता आधी बुंधा कापून, नवीन प्लगवर चिकटवून, मगच टाकीत. अंडी बहुधा जुन्या बुंध्यालाच असतात.

मधल्या काळात ओळख पटलेले, विशेष काही न करता सोडलेले: सायकॉन स्पंज (तांदळाएवढा, टोकाला झालर), स्टोमाटेला (कानासारखा शंख, पळते जोरात, पकडली की पायाचा तुकडा टाकून देते), ॲस्टेरिना (चिमुकला तारामासा) सात नग. ॲस्टेरिनाच्या भुजा कमी-जास्त असतात कारण ती दुभंगून वाढते. झोआवर बसलेली दिसली नाही तोवर राहील, २० च्या वर गेली तर हाताने कमी करू.

बरणीतला मोठा केसाळ खेकडा दोनदा कात टाकून अडीच सेंमी झाला. कोळंबी ओढून घेतो ते पाहता त्याला बाहेर ठेवलं ते बरं.

६ एप्रिल

झोआ ३६ पॉलिप, तिन्ही प्लग उघडे. कोपेपॉड काचेवर परत आले, पेरॉक्साइडनंतर आठ आठवडे लागले. चांदण्या रोज दोन-तीन.

अजून अनोळखी: वहीतला क्रमांक १७. डाव्या दगडाच्या भोकातून रात्री दोन पारदर्शक धागे बाहेर येतात, १५ सेंमीपर्यंत, वाळू चाचपतात, प्रकाश पडला की आखडतात. धागे दोनच म्हणून स्पायोनिड (दोन लांब स्पर्शिकांचा किडा) म्हटलं असतं, पण स्पायोनिडचे इतके लांब नसतात. स्पॅगेटी वर्म म्हणावा तर त्याला धाग्यांचा झुबका असतो. मॅग्नेशियम क्लोराइड भोकात सोडून पाहायचं आहे, दगड बाहेर काढून. तोपर्यंत सोडा नाही, पेस्ट नाही.